बोगनवेल हिरवीगार आहे पण फूल एकही नाही, नक्की काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की बोगनवेल दोन वर्षांपासून मोठ्या कुंडीत आहे, रोज सकाळी पाणी घालता, महिन्यातून एकदा चिमूटभर युरिया टाकता, लांबलचक फांद्या सुटल्यात, काटेही दणकट आहेत पण फुलाचा पत्ता नाही, आणि गेल्या काही दिवसांपासून खालची पानं पिवळी पडून गळताहेत म्हणून तुम्ही पाणी अजून वाढवलंय. सगळ्यात आधी ते वाढवलेलं पाणी आजपासून बंद करा. माती आत खोलवर सुकेपर्यंत एक थेंबही घालू नका, बाकीचं सावकाश वाचा.

फूल न येणं आणि पानं गळणं या तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटताहेत, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट दिसतेय, पाणी जास्त आणि त्यावर नायट्रोजन जास्त. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील, बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिनाचा उत्तर भाग या पट्ट्यातलं (१७६७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत कॉमर्सन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने रिओ दि जानेरोजवळ त्याचे नमुने गोळा केले, आणि त्याची सहायक जान बारे पुरुषाच्या वेशात जहाजावर होती, जगाला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री तीच, या झाडाची गोष्ट निघाली की मला तिची आठवण होतेच). तर या पट्ट्यातल्या बऱ्याच भागात काही महिने पाऊस आणि काही महिने खडखडीत कोरडे असतात. पावसात वाढून घ्यायचं आणि कोरड्यात फुलायचं ही त्याची सवय. कुंडीत आपण रोज पाणी घालून बारा महिने पावसाळा करून ठेवतो, मग ते बारा महिने वाढतच राहतं, त्याला फुलायची वेळ झाली असं कधी वाटतच नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर हातमोजे घालून एखादी जरा जून फांदी हातात धरा आणि पान जिथे फांदीला चिकटलंय ती बगल नीट बघा. तिथून काटा निघालेला दिसेल. आता हा काटा ज्या जागेवरून निघालाय ना, अगदी त्याच जागेवरून फुलाचा दांडा निघू शकला असता. बगलेतल्या त्या एका फुटव्याचं काय होणार हे परिस्थितीवर ठरतं, दिवस मोठे, सावली जास्त, पाणी आणि नत्र भरपूर, म्हणजे वाढीचा जोर असला की त्याचा काटा होतो, आणि रात्री मोठ्या, ऊन कडक, पाणी बेताचं असलं की त्याच फुटव्याला फूल लागतं. म्हणून तुम्ही जे "काटे दणकट आहेत" म्हणताय तीच खरी खूण आहे की झाड नुसत्या वाढीच्या जोरात राहून फुलाच्या सगळ्या जागा काट्यांत खर्च करतंय. पुढे जे काही सांगणार आहे, ऊन, पाणी, खत, छाटणी, ते सगळं या एका बगलेतला निर्णय फुलाच्या बाजूला झुकवण्यासाठीच आहे असं समजा.

ऊन. याबाबतीत तडजोड नाही. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन पानांवर पडायला हवं, भिंतीवरून परावर्तित होऊन येणारा उजेड किंवा "दिवसभर लख्ख असतं" हे ऊन नव्हे. कुंडी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण फांद्या एकाच दिशेला झुकल्या असतील आणि दोन पानांमधलं अंतर लांबलं असेल तर ऊन कमी पडतंय हे नक्की. अशा वेळी पाण्याचं आणि खताचं कितीही करा, फूल आलं तरी चार दोन येणार, तेही टोकाला. जागा बदलणार असाल तर सावलीतून एकदम भर दुपारच्या उन्हात नेऊ नका, पानं भाजतात, आठवडाभर आधी सकाळच्या उन्हात ठेवा मग पुढे सरकवा. आणि एकदा चांगली जागा सापडली की कुंडी उगाच फिरवत बसू नका, विशेषतः कळ्या दिसायला लागल्यावर, तेव्हा जागा बदलली की कळ्या झडतात.

आता पाणी, आणि इथे जरा वेळ घेतो कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो. "कमी पाण्यात जगणारं झाड" याचा अर्थ लोक दोन टोकाचे लावतात, एक तर नवीन आणलेल्या रोपालाही पाणी देत नाहीत आणि ते वाळून जातं, नाहीतर मग विश्वास बसत नाही म्हणून रोज घालतात. दुष्काळ सोसायची ताकद मुळं खोल आणि लांब पसरल्यावर येते, ती जन्मापासून नसते. जमिनीत लावलेल्या रोपाला पहिला सगळा हंगाम नियमित पाणी लागतं, माती थोडी सुकली की द्यायचं, नंतर हळूहळू अंतर वाढवत न्यायचं, एकदा ते रुळलं की जमिनीतली बोगनवेल बराच काळ पाण्यावाचून तग धरते. कुंडीतलीचं तसं नाही, तिच्याकडे माती मोजकीच असते, ती जमिनीतल्या वेलीइतकी तहान कधीच सोसणार नाही, कडक उन्हाळ्यात लहान कुंडी असेल तर रोजही पाणी लागू शकतं. त्यामुळे "किती दिवसांनी पाणी घालू" याला ठरलेलं उत्तर नाही, बोट घालून बघायचं. दोन पेरं आत जाईल एवढं बोट मातीत खुपसा, आत ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर घालायचं, आणि घालायचं तेव्हा कंजूषपणा करायचा नाही, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर, मग परत सुकेपर्यंत थांबायचं. रोज थोडं थोडं शिंपडणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यात वरची दोन इंच माती कायम ओली राहते आणि खाली एक तर चिखल असतो नाहीतर ठणठणीत कोरडं.

झाड स्वतःही सांगतं पण ते नीट ऐकायला हवं. दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी परत ताठ होतात, हे फक्त उन्हामुळे, तेव्हा धावत जाऊन पाणी घालायचं नाही. सकाळी सकाळी पानं लुळी दिसली आणि माती कोरडी असली तर मात्र खरी तहान, पाणी द्या. आणि सकाळी पानं लुळी आहेत पण माती ओली आहे, हे सगळ्यात धोक्याचं, याचा अर्थ मुळं कुजायला लागलीत आणि पाणी असून वर जात नाहीये. नेमकं याच वेळी माणूस "सुकलंय बिचारं" म्हणून अजून पाणी ओततो. तुमच्या झाडाचं सध्या या दिशेने चाललंय असा मला संशय आहे.

म्हणून पुढचं वाचायच्या आधी कुंडी जरा तिरकी करून खालची भोकं बघा. मुळांनी किंवा मातीच्या गाळाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा, खाली ताटली असेल तर काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागेल. मातीचा वास घ्या, आंबूस कुजकट वास येत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, कुंडी बदलावी लागेल. वास नसेल तर फक्त सुकू द्या, बऱ्याचदा एवढ्यानेच पानगळ थांबते.

पानं पिवळी पडण्याबद्दल अजून थोडं, कारण सगळं पिवळेपण पाण्याचं नसतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळतात आणि माती ओली असते तेव्हा पाणी जास्त. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तेव्हा लोह मिळत नाहीये, आणि हे जमिनीत लोह नसल्यामुळे कमी आणि माती किंवा पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लधर्मीच्या उलट, असल्यामुळे जास्त होतं, कारण बोगनवेलीला किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साडेपाच ते साडेसहाच्या आसपास, त्याच्या वर गेलं की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं. जुनी पानं पिवळी पण शिरांच्या आजूबाजूला हिरवं राहिलंय, असं असेल तर मॅग्नेशियम कमी, त्याला एक लिटर पाण्यात एक चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून एकदा द्या. पण कमतरता दिसत नसताना कुणीतरी सांगितलं म्हणून दर पंधरा दिवसांनी एप्सम सॉल्ट ओतायचं नाही, ते फुलाचं औषध नाहीये. आणि थंडी सुरू होताना काही पानं गळतात, ते अगदी नैसर्गिक आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.

कुंडी आणि माती. तुम्ही "मोठी कुंडी" म्हणालात, ती जर झाडाच्या मानाने फारच मोठी असेल तर तेही एक कारण आहे, मुळं पोचलेली नसतात तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि झाड आधी मुळं आणि फांद्या वाढवण्यात सगळी शक्ती घालतं. बोगनवेल जरा अडचणीच्या कुंडीत जास्त चांगली फुलते, मुळांनी कुंडी भरली की मगच. मातीचं मिश्रण साधं ठेवा, चार भाग बागेची माती, तीन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत असलेलं हलकं मिश्रण या झाडाला नको, ते ओल धरून बसतं आणि उंच वेलीच्या वजनाला कुंडी आडवी होते.

कुंडी बदलताना एक गोष्ट कधीही विसरू नका, या झाडाची मुळं फार नाजूक असतात, बाकीच्या झाडांसारखी मुळं मोकळी करणं, झटकणं, माती धुऊन काढणं असलं काही करायचं नाही. मुळांचा गठ्ठा आहे तसाच अलगद उचलून नवीन कुंडीत ठेवायचा, खोडाला धरून ओढायचं नाही. प्लास्टिकची कुंडी असेल आणि निघत नसेल तर सरळ कुंडी कापा, कुंडी परत मिळेल. मुळं कुजलेली असली तर काळी, मऊ पडलेली तेवढीच कापायची आणि मग वरच्या फांद्याही त्या प्रमाणात कमी करायच्या, कारण अर्ध्या मुळांना सगळ्या फांद्यांना पाणी पुरवता येत नाही.

खताचं सांगतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतं आणि दुसरं काहीच नसतं, त्यातून पानं आणि फांद्याच निघणार, फूल निघणार नाही. ते पूर्ण बंद. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पुरतं, कळ्या धरायच्या आधी नत्र कमी आणि पोटॅश जास्त असलेलं खत एक दोनदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. बोनमीलचा (हाडांच्या चुऱ्याचा) मारा करू नका, फॉस्फरस जास्त झाला तर लोह अडकून पडतं आणि वर सांगितलं ते शिरा हिरव्या पान पिवळं सुरू होतं. आणि कोरड्या ठणठणीत मातीत रासायनिक खत कधीही टाकू नका, मुळं जळतात, आधी पाणी, दुसऱ्या दिवशी खत.

छाटणी. बोगनवेल नवीन फुटव्यावर फुलते, म्हणून छाटणी केली नाही तर फुलं दरवर्षी लांब लांब टोकाला जातात आणि मधलं झाड नुसतं काटक्यांचं राहतं. मुख्य छाटणी एक बहर संपल्यावर, तेव्हा लांब फांद्या तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कापल्या तरी चालतात, वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढायच्या. जमिनीलगतच्या बुंध्यातून एकदम सरळ जोरात वर जाणारे जाडजूड फुटवे येतात, पानं मोठी, काटे लांब, ते सगळी ताकद ओढून घेतात, ते तुम्हाला सांगाडा वाढवायचा नसेल तर काढाच. मग नवीन फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे खुडायचे, एकाचे दोन तीन होतात, जितकी टोकं जास्त तितकी फुलं जास्त. खुडल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी फुलं दिसतात, म्हणजे कधी फुलं हवीत त्याच्या मागे मोजून शेवटची खुडणी करायची. बारीक रंगीत कळ्या दिसायला लागल्यावर सिकेटर (छाटणीची कात्री) लांब ठेवा. सिकेटरला धार हवी, आणि हातमोजे जाड हवेत कारण काटा तर लागतोच पण चीक लागून काहींच्या अंगावर पुरळही येतं. पानांवर पांढरे पिवळे पट्टे असलेली जात असेल आणि तिच्यात मधूनच पूर्ण हिरवी फांदी निघाली तर ती लगेच बुडातून काढा, हिरवी फांदी जोमाने वाढते आणि दोन तीन वर्षांत सगळं झाड हिरवं करून टाकते.

आता मुद्द्याचं, फुलावर आणण्यासाठी ताण कसा द्यायचा. आधी झाड निरोगी पाहिजे, मुळं ठीक, पानं ठीक, फुटवे थोडे जून झालेले. मग पाणी तोडायचं आणि रोज सकाळी बघायचं. ज्या दिवशी सकाळी पानं थोडी लुळी दिसतील त्या दिवशी थोडंसं पाणी, नेहमीच्या निम्मं, परत थांबायचं. असं दोन ते चार आठवडे चालवायचं, काही पानं पिवळी होऊन गळतील, घाबरायचं नाही. फांद्यांच्या टोकाला, पानांच्या बगलेत बारीक रंगीत टोकं दिसली की ताण संपला, तिथून पुढे व्यवस्थित पाणी द्यायचं, कारण तेव्हाही कोरडं ठेवलं तर त्याच कळ्या गळून पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे इथे फार जण चुकतात, ताण कधी द्यायचा ते कळतं पण कधी सोडायचा ते कळत नाही. पाऊस सुरू असताना उघड्यावरच्या कुंडीला ताण देणं शक्यच नसतं, तेव्हा फक्त निचरा सांभाळायचा आणि फांद्या खुडत राहायचं, पाऊस गेला की रात्रीही मोठ्या व्हायला लागतात, तीच ताणाची बरोबर वेळ.

कळी दिसल्यापासून रंग भरायला वेळ लागतो, धीर ठेवा. जे रंगीत दिसतं ती तीन पानंच असतात, खरं फूल त्यांच्या मधोमध पांढरट नळीसारखं बारीक असतं, हिची सख्खी नातलग म्हणजे गुलबक्षी. ती नळी कोमेजली तरी रंगीत पानं आठवडेच्या आठवडे टिकतात म्हणूनच हा बहर इतका लांबतो. डबल फुलांच्या जातीत मात्र वाळलेले गुच्छ आपोआप गळत नाहीत, हाताने काढावे लागतात.

किडीचा त्रास या झाडाला कमीच. पानांच्या कडा रात्रीतून नागमोडी कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि दिवसा काहीच सापडत नसलं तर ती अळी आहे, दिवसा ती काडीसारखी चिकटून बसते, टॉर्च घेऊन रात्री बघा आणि वेचा, जास्त असेल तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) फवारा. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, उन्हात मारू नका. पानांवर काळपट डाग दिसत असतील तर वरून पाणी मारणं बंद करा, पाणी बुडात घाला.

तुम्ही शेवटी फांद्या लावून रोपं करता येतील का विचारलंय. येतात, छाटणीतल्याच फांद्या घ्या, पेन्सिलएवढ्या जाड, अर्धवट जून, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, अगदी खाली तिरका, पानं सगळी काढून टाका, खालच्या टोकाला रूटिंग हार्मोन पावडर लावा, वाळू जास्त असलेल्या मातीत दोन डोळे आत जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. दोन तीन आठवड्यांत वर पानं फुटतील, पण ती फांदीतल्या साठ्यावर फुटतात, खाली मुळं आली असं समजून उपटून बघू नका. मुळांना सहा ते बारा आठवडे लागू शकतात. पट्टेरी पानांच्या जाती काडीने हट्टीपणा करतात, त्यांची गुटी कलमं (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवून) बांधलेली बरी.

तुमच्या झाडाचा क्रम असा ठेवा. आज भोकं मोकळी करा, युरिया बंद, पाणी बंद. माती सुकून पानगळ थांबली आणि नवीन फुटवे दिसायला लागले की मग बुंध्यातले जाडे फुटवे काढा आणि लांब फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करा, त्याच्या आधी छाटणी नको, आजारी मुळांवर छाटणी आणि ताण दोन्ही एकदम पडले तर झाड जाईल. नवीन फुटवे खुडून घ्या, ते जरा जून झाले की ताण द्या. आणि कुंडी कुठे आहे, किती तास ऊन येतं आणि कुजका वास येतो का एवढं बघून कळवा, वास येत असेल तर कुंडी कशी बदलायची ते तुमच्या कुंडीचं माप बघून सांगतो.